सक्तीची लष्करभरती होईल का, आणि लोक तिला कधी हो म्हणतात?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा इंदूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे २०२५ मध्ये ब्लॅकआउटचा सराव झाला आणि त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर मेसेज आला, की अठरा ते पंचवीस वयाच्या मुलांची नावं कॉलेजांकडून मागवली आहेत. जेवताना तुमचे दीर म्हणाले, बरंच झालं, प्रत्येक मुलाला दोन वर्षं फौजेत घातलंच पाहिजे. तुम्ही काही बोलला नाहीत, पण रात्रभर डोळा लागला नाही. तेव्हापासून मनात तेच चाललंय: सरकार खरंच मुलाला नेईल का, आणि नकोसं वाटतं म्हणजे मी भेकड आहे का.

मी ग्वाल्हेरचा. लष्कर भागात आमचं तीन पिढ्यांचं घर. सव्वीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो, शेवटची साडेतीन वर्षं भरती कार्यालयात. आता सकाळी मेळ्याच्या मैदानाकडे पोरांची दौड घेतो. त्यामुळे स्वतःहून येणारी पोरंही पाहिली आहेत आणि कुणीतरी ढकललेलीही. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. कायद्यानं अशी भरती होऊ शकते का, ती होईल का, आणि युद्धाच्या दिवसांत जोशात बोलणारी माणसं आपल्या घरातलं नाव निघालं की गप्प का होतात. पहिल्या दोघांची उत्तरं लवकर देतो. तुम्हाला खरं छळतोय तो तिसरा.

आधी कायदा. आज भारतात सक्तीची लष्करभरती नाही. स्वातंत्र्यानंतर कधीच नव्हती. १९६२, १९६५, १९७१, १९९९, यांतल्या एकाही युद्धात सरकारनं घरी नोटीस धाडून कुणाचा मुलगा फौजेत नेला नाही. इंग्रजांनी १९१७ साली सक्तीचा एक कायदा केला होता, पण ती सक्ती हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनांवर होती.

तरी ‘होऊच शकत नाही’ असं मी म्हणणार नाही. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा देतं. अट घातली आहे ती अशी, की ती सेवा लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करायचा नाही. या यादीतला ‘वर्ग’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं आली, त्यांत देशाचं रक्षण करणं आणि बोलावणं येईल तेव्हा राष्ट्रसेवा करणं हेही आहे. तुमचा मुलगा इंजिनीअर होतोय म्हणून आणखी एक सांगतो. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये, संसदेनं राष्ट्रीय सेवा अधिनियम केला. इंजिनीअर, डॉक्टर अशा शिकलेल्या लोकांची नोंदणी करून देशाच्या संरक्षणाला उपयोगी पडेल अशी सेवा त्यांच्याकडून घ्यावी, असा त्याचा हेतू होता. त्यात भर माणसाच्या कसबावर होता. सगळ्या तरुणांच्या हाती रायफल द्यायची, असा तो कायदा नव्हता.

मग तुमच्या ग्रुपवरचा मेसेज आला कुठून? माझा अंदाज सांगतो. त्याच दिवसांत केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी बोलावण्याचे अधिकार देणारी अधिसूचना काढली होती. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बोलावता येतील, असं त्यात होतं. टेरिटोरियल आर्मी म्हणजे आपली नोकरी, धंदा सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी घालणारी माणसं. त्यांनी नावं आपणहून दिलेली असतात आणि बोलावलं तर यायचं हे सही करतानाच कबूल केलेलं असतं. तो कागद कुणीतरी अर्धवट वाचला आणि ‘तरुणांना बोलावणार’ असं पुढे ढकललं, असं मला वाटतं. ७ मेचा सराव तर नागरी संरक्षणाचा होता, देशातल्या २४४ जिल्ह्यांत, तुमच्या इंदूरला आणि आमच्या ग्वाल्हेरलाही. भोंगा, दिवे घालवणं, जखमींना हलवणं. भरतीशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता, होईल का. मी भरती कार्यालयात असताना रॅलीच्या दिवशी पहाटे दोनपासून भिंड-मुरैन्याची पोरं मैदानाबाहेर येऊन बसायची. थंडीत पेपर पेटवून हात शेकत असायची. १.६ किलोमीटरची दौड साडेपाच मिनिटांत मारली की पूर्ण ६० गुण, दहा बीम, म्हणजे दांड्याला लटकून पुल-अप, मारले की ४०, मग नऊ फुटी खड्डा, मग तोल सांभाळत चालणं, त्यानंतर उंची, छाती, मेडिकल, लेखी. बहुतेकांचा दिवस पहिल्या दौडीतच संपायचा. एक पोरगा मला आजही आठवतो. तीन रॅल्यांत दौड दोन-तीन सेकंदांनी हुकली, चौथ्या वेळी दौड निघाली तर मेडिकलला गुडघ्यावरून बाद झाला. तोवर वय संपलं. दोरीच्या बाहेर उभं राहून त्यानं मला विचारलं होतं, “साहब, कहीं और से हो सकता है क्या?” मला उत्तर देता आलं नाही.

दारावर इतकी गर्दी असताना सरकारनं कुणाला ओढून कशाला आणावं? प्रत्येक राज्याचा कोटा तिथल्या भरतीयोग्य तरुणांच्या संख्येवरून ठरतो आणि कोटा भरला नाही म्हणून जागा रिकाम्या राहिल्या, असं माझ्या काळात आमच्या भागात झालं नाही. त्यात आपली युद्धं आजवर लहान मुदतीची झाली. १९७१ चं ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला संपलं. कारगिल अडीच-तीन महिने चाललं. रंगरूट कामाचा व्हायला निदान सहा महिने लागतात. आज आणलेल्या मुलाला निशाणा साधता येईपर्यंत युद्ध आटोपलेलं असतं. शिवाय त्याला शिकवायला उस्ताद लागतात, रायफली लागतात, बराकी लागतात, वर अधिकारी लागतात. १९६२ नंतर फौज जवळपास दुप्पट करायची ठरली तेव्हा शिपायांची वानवा पडली नव्हती. अधिकारी कमी पडत होते, म्हणून इमर्जन्सी कमिशन काढून तरुणांना घाईनं घ्यावं लागलं.

सक्तीच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र तेव्हा झाली. १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली. माझे थोरले काका तेव्हा इथे शिकत होते. ते सांगायचे, पहिल्या वर्षी मुलं नेटानं परेडला यायची, कारण चीननं केलेला अपमान सगळ्यांच्या जिव्हारी लागला होता. दुसऱ्या वर्षापासून आजारपणाचे दाखले सुरू झाले. वर्दी पुरत नव्हती, रायफलऐवजी लाकडी ठोकळा हातात यायचा, आणि ज्यांच्या वडिलांची ओळख होती त्यांना हजेरीतून सवलत मिळायची. काकांना परेड आवडायची, पण त्या सवलतीचा राग त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होता. १९६८ मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली.

इथवरचं थोडक्यात असं, की सक्तीची भरती आज अस्तित्वात नाही, संसदेनं ठरवलं तर कायद्यानं आणता येईल, पण आपल्या फौजेला आज तिची गरज दिसत नाही. हे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगतो. युक्रेनसारखं वर्षानुवर्षं चालणारं, रोज माणसं खाणारं युद्ध आपल्यावर आलं तर स्वतःहून येणारी पोरं पुरणार नाहीत. तेव्हा माझं मतही बदलेल, आणि बदलायलाच हवं. फिनलंडसारख्या छोट्या देशाला, ज्याच्या दारात एवढा मोठा शेजारी आहे, फक्त स्वतःहून येणाऱ्यांवर विसंबण्याची चैनच नाही.

आता तिसरा प्रश्न. तुमच्या दिरांचा जोश आणि तुमचं गप्प बसणं, दोन्ही सगळ्या देशांत सापडतं, आणि पुष्कळदा एकाच माणसात सापडतं.

ब्रिटनचं पाहा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि पहिल्या दोन महिन्यांत साधारण साडेसात लाख माणसं स्वतःहून भरती झाली. रस्त्यात साध्या कपड्यातला तरुण दिसला की बायका त्याच्या हातात पांढरं पीस द्यायच्या, म्हणजे तू भित्रा आहेस. दीड वर्षात खंदकांतून माणसं परत यायची थांबली, आपणहून येणारे कमी झाले आणि जानेवारी १९१६ मध्ये सक्तीचा कायदा आला. आधी अविवाहित पुरुष, मग काही महिन्यांत विवाहितही. सूट मागणाऱ्यांसाठी गावोगाव न्यायमंडळं बसवली. जून १९१६ अखेर त्यांच्यापुढे आलेले अर्ज होते साडेसात लाखांच्या आसपास. जोशाचा आकडा आणि सूट मागणाऱ्या अर्जांचा आकडा जवळजवळ सारखाच आहे, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अर्ज करणारे सगळे भित्रे नव्हते. कुणाची बेकरी एकट्याच्या हातावर चालायची, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाचे तीन भाऊ आधीच गेलेले. तत्त्व म्हणून शस्त्र न धरणारे पूर्ण युद्धात मिळून सोळा हजारांच्या आसपासच होते. बाकीच्यांनी युद्धाला नाही म्हटलं नव्हतं. आपल्या घरावर किती ओझं यावं, एवढंच ते विचारत होते.

ऑस्ट्रेलियानं तर लोकांनाच विचारलं. ऑक्टोबर १९१६ आणि डिसेंबर १९१७, दोनदा मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी सक्ती नाकारली. युद्ध चालू होतं, मुलं मरत होती, तरी नाकारली. पहिल्या मतदानात आघाडीवरच्या सैनिकांचं बहुमत सक्तीच्या बाजूनं पडलं, पण हजारो सैनिकांनी विरोधातही मत दिलं. माझ्या पेशामुळे मला त्या विरोधी मतांचं नवल वाटत नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

अमेरिकेत १८६३ साली, यादवी युद्धात, सक्तीचा कायदा आला. त्यात पळवाट होती. ३०० डॉलर भरा किंवा आपल्या जागी दुसरा माणूस द्या, की सुटलात. ३०० डॉलर म्हणजे मजुराची जवळपास वर्षाची कमाई. जुलैमध्ये न्यूयॉर्क शहर पेटलं, आणि जमावानं राग काढला तो बिचाऱ्या काळ्या लोकांवर. शंभर वर्षांनी व्हिएतनामच्या वेळी पैसे भरून सुटका नव्हती, पण कॉलेजात असणाऱ्याला मुदत मिळायची. म्हणजे ज्याला कॉलेज परवडत होतं तो मागे राहायचा. ओरड वाढल्यावर १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांची सोडत काढली. काचेच्या भांड्यातून पहिली चिठ्ठी निघाली १४ सप्टेंबरची. सगळा देश टीव्हीपुढे बसून आपल्या मुलाची तारीख ऐकत होता. शेवटी १९७३ मध्ये तिथली सक्ती बंद झाली.

हे वाचून आणि स्वतः पाहून माझं मत एका गोष्टीवर पक्कं झालं आहे. लोक सक्तीला हो किंवा नाही म्हणतात, ते वाटणीकडे बघून. कुणाचा मुलगा जातोय आणि कुणाचा राहतोय, हे घरोघरी मोजलं जातं. वाटणी सारखी दिसली तर माणसं फार मोठा भार उचलतात. एकाला सूट दिसली की शेजारच्याचा धीर सुटतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली सक्तीची सेवा बंद करायची का, असं मतदान झालं, तर ७३ टक्के लोकांनी चालू ठेवा म्हटलं. तिथे सेवा तरुण पुरुषांना सरसकट लागू आहे आणि थोड्या थोड्या मुदतीची आहे. दक्षिण कोरियात जगभर गाजलेल्या बीटीएसच्या गायकांनाही वर्दी चढवावी लागली. तुमच्या मुलाला विचारा, तो नावानिशी सांगेल. त्या मुलांना सूट द्यावी का यावर तिथे कित्येक वर्षं वाद चालला आणि शेवटी ती मुलं गेली. इस्रायलमध्ये धर्मग्रंथ शिकणाऱ्या कर्मठ तरुणांना मिळणारी सूट हा दुखरा विषय आहे. युद्ध चालू असतानाच, जून २०२४ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या तरुणांनाही भरती करा, असा निकाल दिला. युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये भरती कार्यालयांपुढे रांगा लागल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये बोलावण्याचं वय २७ वरून २५ वर आणावं लागलं, तोवर रांगा संपल्या होत्या आणि घरोघरी प्रश्न होता, की जे पहिल्या दिवसापासून आघाडीवर आहेत त्यांना घरी कधी सोडणार. देश तोच, शत्रू तोच, लोकांचं मन मात्र दोन वर्षांत थकलं.

म्हणून मी तुम्हाला ‘वर्ग’ हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं. ज्यांनी कलम २३ लिहिलं त्यांनी वेठबिगार जवळून पाहिली होती. बेगार कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे हे कसं झालं, तेही पाहू. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानी लोकांवर कायद्यानं सक्ती केली नाही. पण पंजाबात झैलदार, लंबरदार अशा महसुली गावकारभाऱ्यांवर माणसं आणण्याचा दाब आला, कुणी किती आणले यावर जमिनी आणि मानमरातब वाटले गेले, आणि गावात ज्याचं कुणी नाही त्याचा मुलगा पुढे ढकलला गेला. कागदावर स्वेच्छा, गावात सक्ती. १९१९ च्या पंजाबातल्या असंतोषात या रागाचाही वाटा होता. गुजरातेत १९१८ साली खुद्द गांधीजींनी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट केली. काही महिन्यांपूर्वीच सत्याग्रहात त्याच गावांनी त्यांना गाड्या फुकट दिल्या होत्या. आता भाडं देऊनही गाडी मिळेना. लोकांनी तोंडावर विचारलं, तुम्ही अहिंसावाले, आम्हाला शस्त्र धरायला कसं सांगता, आणि या सरकारनं आमचं असं काय भलं केलं आहे? गांधीजींवर जीव टाकणारी माणसं होती ती. तरी मुलाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी हिशोब विचारला. त्यांना मी दोष देणार नाही.

आणि याच देशात याच्या अगदी उलटही घडलं आहे. तुमच्या घरापासून तासाभरावर महू आहे. बाबासाहेब आंबेडकर तिथे १८९१ साली जन्मले, वडील रामजी फौजेत सुभेदार होते. त्यानंतर थोड्याच काळात इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. आम्हाला घ्या, अशा विनंत्या त्या समाजानं वर्षानुवर्षं केल्या. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे दार उघडलं. फौजेत जाण्यासाठी झगडलेल्या लोकांचा हा देश आहे. भाकरी, मान, गावात ताठ मानेनं चालण्याचा हक्क, सगळं त्या वर्दीत होतं. आजही आमच्या चंबळच्या पट्ट्यात तेच आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि दोन दिवसांत ग्वाल्हेरच्या बिर्लानगर स्टेशनावर तोडफोड झाली. तोडफोड वाईटच, त्यात पोरांनी स्वतःचं आयुष्य बिघडवून घेतलं. पण राग कशाचा होता ते पाहा. फौजेत जा म्हणून कुणी जबरदस्ती केली नव्हती. चार वर्षांनी चारांतला एकच राहणार आणि तिघं घरी येणार, याचा तो राग होता.

आमच्या लष्कर भागाचं नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलं, सन १८१० च्या सुमाराला. पलीकडचा मोहल्ला कंपू, म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणींचं नाव. त्या काळी शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारचा. दसऱ्याला निघायचे, पावसाळ्यापूर्वी शेतावर परतायचे. पगार थकला की सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरायचे. आमच्या घरात हे अभिमानानं सांगितलं जायचं, कारण त्यात शिपाई चाकरी करार म्हणून करतो, पट्टा घातलेला गुलाम म्हणून नाही, अशी भावना होती. म्हणून तुमचे दीर म्हणतात तशी सरसकट सक्ती आपल्या लष्करी परंपरेतून आली आहे, असं मला म्हणता येत नाही.

आता सक्तीविरोधात मत देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या त्या सैनिकांकडे येतो. ट्रेनिंग सेंटरला माझ्या प्लाटूनमध्ये एक पोरगा होता. वडील माजी सैनिक, मुलाला चित्रं काढायची आवड. वडिलांनी पाठीवर हात नाही, हातात काठी ठेवून भरतीला आणलेला. तब्येतीनं उत्तम, दौडीत पहिल्या पाचांत. पण फायरिंगला डोळे मिटायचा. रात्री पहाऱ्यावर असताना दोनदा जागा सोडून गेला. मी ओरडलो, शिक्षा दिली, शेवटी शेजारी बसून विचारलं. तो म्हणाला, “उस्ताद, मी इथे नाहीच.” त्याला मी भेकड म्हणणार नाही. त्याच मुलानं नंतर विहिरीत पडलेल्या बाईला उडी मारून बाहेर काढल्याचं मला कळलं. पण सेक्शनमध्ये दहा माणसं असतात. उंचावरच्या चौकीत रात्री दोन तास एक जण जागतो, तेव्हा बाकीचे त्याच्या भरवशावर डोळे मिटतात. त्या एकाचं मन तिथे नसेल तर नऊ जणांच्या जिवाशी खेळ होतो. १९९९ च्या जूनमध्ये आमच्या सेंटरच्या फाटकाबाहेर पोरांची झुंबड होती, आत्ता घ्या, आत्ता पाठवा म्हणून. तेव्हाही आम्हा उस्तादांना काळजी वाटायची, की यातली किती जोश उतरल्यावर टिकतील. स्वतःहून आलेल्यांबद्दल आम्हाला इतकी धास्ती, तर ओढून आणलेल्यांचं काय? लांबलेल्या युद्धांत सक्तीच्या फौजाही शौर्यानं लढल्या आहेत, हे खरं आहे. पण त्यांना वेळ मिळाला, शिकवणारे मिळाले आणि आपलं घर धोक्यात आहे हे डोळ्यांनी दिसत होतं. घाईनं केलेल्या भरतीत यातलं काहीच नसतं.

दिरांशी वाद घालू नका. त्यांच्या मनात देशाबद्दल खरंच आहे, असं धरूनच बोला. दोन वर्षांची शिस्त मुलांना मिळावी, ही इच्छा वाईट नाही. फक्त विचारा, की यादी कशी करायची? एकुलता एक मुलगा असेल तर? मुली धरायच्या का? परदेशात शिकणाऱ्याला परत बोलवायचं का? डॉक्टरचा दाखला आणणाऱ्याचं काय करायचं? आणि तुमच्या मुलाला ती जागा दिली तर चौथ्या रॅलीला बाद झालेल्या त्या भिंडच्या पोराला काय सांगायचं? या प्रश्नांची उत्तरं शांतपणे देता आली तर त्यांचं मत ऐकण्यासारखं आहे, माझं त्यावर दुमत असलं तरी.

तुम्ही भेकड आहात का, असं विचारलंत. साडेसतरा वर्षांच्या मुलाच्या अर्जावर आईवडिलांची सही लागते. मी त्या टेबलावर बसलेलो आहे. पेन हातात घेऊन पाच-पाच मिनिटं कागदाकडे बघत बसणाऱ्या आया पाहिल्या आहेत. एक तर म्हणाली होती, “यह जाएगा तो अपने मन से जाएगा, मैं नहीं भेज रही.” आणि तिनं सही केली. तिच्यापेक्षा धीट बाई मी पाहिलेली नाही. तुमच्या पोटात जो गोळा आला तो तिच्याही आला होता. तो येऊ नये असं सांगणाऱ्या माणसाचं ऐकू नका.

मुलाशी मात्र एकदा बोला. मेसेज खोटा होता हे सांगा आणि त्याच्या मनात काय आहे ते विचारा, तुमची भीती किंवा काकांचा जोश मध्ये न आणता. वर्दी नको असेल तर नागरी संरक्षणाचं स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊ शकतो, इंदूरसारख्या शहरात ब्लॅकआउटच्या रात्री अशा शिकलेल्या मुलांची गरज लागते. इंजिनीअर म्हणून जायचं असेल तर शेवटच्या वर्षात तांत्रिक प्रवेशाचे मार्ग आहेत, अधिकारी म्हणून जाता येतं, आणि चष्म्याचा नंबर, सपाट पाय, गुडघे हे आत्ताच तपासून घेतलेलं बरं. तो हो म्हणाला तर उद्यापासून रोज दोन किलोमीटर धावायला लावा, आधी हळू. नाही म्हणाला तर त्याला तिसऱ्या वर्षाचा अभ्यास करू द्या.